आप्पांचं विचारणं

लीग कशी बंद पडली असं कोणी विचारलं, तर आडगावपासून विंचूरपर्यंत सगळे एकच उत्तर देतात: कोरोना. उत्तर सोयीचं आहे. त्या एका आजाराच्या नावावर आपल्याकडे बंद पडलेले कारखाने, मोडलेली लग्नं आणि अर्धवट राहिलेल्या पाण्याच्या टाक्या जमा आहेत. त्यात एक बेसबॉलची लीग सहज खपून जाते. फक्त तारखा जुळत नाहीत. कोरोना मार्चात आला. गोदाकाठ बेसबॉल लीगचा शेवटचा सामना त्याआधी दोन महिने, जानेवारीतल्या एका रविवारी सिन्नरला झाला होता. त्या सामन्याचे पंच होते रंगनाथ मौले. खरं काय झालं ते त्यांना ठाऊक आहे. पण ज्याला ठाऊक असतं त्याच्याकडे सहसा कोणी जात नाही.

रंगनाथआप्पा आडगावचे. घराला लागून अडीच एकर. त्यात कोथिंबीर, मेथी आणि दसऱ्याच्या बेताने झेंडू. माल पहाटे नाशिकच्या मार्केटला टाकायचा आणि उन्हं तापायच्या आत परत वाफ्यात. अंगाने किडकिडीत, आवाज लहान. गावातल्या कुठल्याच गटात त्यांचं नाव नव्हतं. मोठेपणा म्हणून नाही. कोणी घेतलं नव्हतं एवढंच.

२०१२ साली गावच्या शाळेत शेखर सर खेळाचे शिक्षक म्हणून आले. त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. क्रिकेटमध्ये जिल्ह्यातलं प्रत्येक पोर दुसऱ्या प्रत्येक पोराशी स्पर्धा करतं, आणि निवड शेवटी शहरातल्या अकादमीतल्याची होते. बेसबॉल मात्र कोणीच खेळत नाही. ज्या खेळात हरवायला कोणी नाही त्यात वर पोचायला वेळ लागत नाही. सरांनी कुठून तरी दोन बॅटी आणि आठ चामडी हातमोजे मिळवले, आणि पहिल्याच वर्षी चार संघ उभे केले. आडगावचा संघ शाळेच्या पटांगणावर खेळायचा. विंचूरचा, कांद्याच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या उभ्या राहतात त्या मोकळ्या जागेत, लिलाव बंद असेल त्या दिवशी. सिन्नरचा, औद्योगिक वसाहतीत एका बंद कारखान्याच्या आवारात. चौथा संघ नाशिकातल्या गजबजलेल्या द्वारका चौकाचा, ट्रान्सपोर्टच्या गाळ्यांवर कामाला असलेल्या पोरांचा. त्यांना मैदान नव्हतं. द्वारकेला रस्ता ओलांडायला जागा मिळत नाही, मैदान कुठून मिळणार? ते आयुष्यभर पाहुणे म्हणूनच खेळले.

पंचांचा प्रश्न अवघड झाला. ज्यांना खेळातलं कळत होतं त्यांना क्रिकेट कळत होतं. एका माजी कर्णधाराने पहिल्याच सामन्यात फलंदाजाला पायचीत दिलं. शेवटी सरांची नजर कुंपणापलीकडे मेथी निंदणाऱ्या रंगनाथआप्पांवर गेली.

"आप्पा, तुम्ही क्रिकेट बघता का?"

"नाय बा. आमच्याकडं टीव्ही हाय, पण तो हिच्याकडं."

"मग या इकडे," सर म्हणाले.

ही म्हणजे कुसाबाई, आप्पांची बायको. आप्पा रात्री चिमणीएवढ्या आवाजात नियमांचं पुस्तक वाचायला लागले तेव्हा तिला वाटलं, नवऱ्याने पोथी धरली. चार दिवस तिने व्यत्यय आणला नाही. पाचव्या दिवशी कळल्यावर म्हणाली, "पन्नाशीला आलात. आता चेंडू मोजणार का?"

खेळ आप्पांना लवकर कळला. बेसबॉलमध्ये नियम पुष्कळ, पण भांडण बहुतेक एकाच जागी होतं. मैदानाच्या चार कोपऱ्यांवर बेस म्हणून चार चौकोन असतात. पळणाऱ्याने चौकोन गाठायचा, आणि समोरच्याने त्याआधी चेंडू धरलेला हात त्याच्या अंगाला लावायचा. हात आधी लागला तर आऊट, चौकोन आधी गाठला तर सेफ. पळणारा शेवटी जमिनीवर घसरत येतो. आपल्या मैदानांवर तो घसरला की जी धूळ उठते त्यात दोन माणसं आणि एक चेंडू काही क्षण नाहीसे होतात.

पहिल्या वर्षी विंचूरला असंच झालं. विंचूरचा पुंजा, एकोणीस वर्षांचा, मार्केटात गोण्या उचलणारा, दुसऱ्या बेसवर घसरला. धूळ उठली. आप्पांना काही म्हणजे काही दिसलं नाही. दोन्हीकडचे लोक ओरडत आत आले. कोणाच्या हातात बॅट होती आणि ती खेळायला आणली नव्हती. आप्पा गडबडले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी हातात धरली, खाली वाकले, आणि जमिनीवर पडलेल्या पुंजालाच विचारलं,

"पोरा, तूच सांग. काय झालं?"

पुंजाने तोंडातली माती थुंकली. थोडा विचार केला.

"हात आधी लागला, आप्पा. मंग मी पोचलो."

वर गेलेली बॅट खाली आली. आप्पांनी मूठ वर केली: आऊट. पुंजाच्या संघातले त्याच्यावर त्या दिवशी संध्याकाळपर्यंत चिडले आणि पुढची सहा वर्षं त्याच गोष्टीची फुशारकी मारत राहिले.

तेव्हापासून ती रीतच पडली. आप्पांना दिसलं नाही तर ते टोपी काढायचे, वाकायचे आणि पळणाऱ्याला विचारायचे. एकदाच. उत्तर येईल तो निकाल. दिसलं असेल तर मात्र विचारायचं नाही, सरळ निकाल द्यायचा. शंका असेल तरच टोपी निघायची, हे लहान पोरांनाही माहीत होतं. लोक म्हणायचे, "आप्पा विचारतायत, गप बसा."

शेखर सरांना हे पसंत नव्हतं. "आप्पा, पुस्तकात असं काही नाहीये."

"पुस्तकात धूळ बी नाय, सर."

पोरं खरं का सांगायची, याचं कारण फार थोर नव्हतं. या पट्ट्यात प्रत्येक घराची एक लेक दुसऱ्या गावात नांदते. आप्पांचीच योगिनी सिन्नरला दिली होती, आणि तिचा धाकटा दीर कुंदन हा सिन्नरच्या संघाचा कॅचर, म्हणजे शेवटच्या चौकोनाची राखण करणारा. मैदानावर खोटं बोललेलं पोर पुढच्या लग्नात पंगतीला बसलं की वाढणारा विचारणार: "काय रे, सेफ का आऊट? लाडू वाढू का?" नीतीपेक्षा हे भय मोठं होतं. सात वर्षांत आप्पांनी टोपी बरेचदा काढली, आणि निम्म्याहून जास्त वेळा पोरांनी स्वतःच्या विरुद्ध सांगितलं. आप्पा घरी आल्यावर याबद्दल बोलत नसत. पण अशा दिवशी ते दोन घास जास्त जेवतात, हे कुसाबाईने हेरलं होतं.

लीग वाढली. चाराचे नऊ संघ झाले. दिवाळी झाली की सुरू आणि थंडी सरायच्या आत संपलेली. बाया डबे घेऊन ट्रॉल्यांवर बसायच्या. बँडवाल्याचा भाऊ माइकवरून समालोचन करायचा. त्याला खेळ कळत नसे, म्हणून तो खेळाडूंची वंशावळ सांगायचा. विंचूरकडच्या एका वाइनवाल्याने सगळ्यांना द्राक्षांचा घड छापलेले शर्ट दिले. घड कशासाठी पिकतो हे कोणी विचारलं नाही, आणि भजनी मंडळातल्या पोरांनीही ते आनंदाने घातले. पेपरात फोटो आले. फोटोत नेहमी पुढारी असायचे. पंच कधीच नव्हते.

सहाव्या वर्षी शेखर सरांच्या खेट्यांना यश आलं. लीगला मान्यता मिळाली. अंतिम सामना जिंकणाऱ्या संघातल्या प्रत्येकाला प्रमाणपत्र, आणि ते प्रमाणपत्र सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या राखीव जागेला चालणार. सरांनी पेढे वाटले. आप्पांनीही एक खाल्ला.

त्या वर्षीपासून आप्पांना एक फरक जाणवायला लागला. पूर्वी विचारलं की उत्तर पडल्यापडल्या यायचं. आता पोरं आधी आपल्या संघाच्या बाकाकडे बघायची. उत्तर बहुतेकदा खरंच असायचं, पण ते उशिरा यायचं.

आप्पांचा मुलगा योगेश आडगावकडून खेळायचा. चोवीस वर्षांचा, पायाने वेगवान. पोलीस भरतीत दोनदा थोड्या गुणांनी राहिला होता. पुढची भरती कधी निघेल आणि तोवर वय राहील का, याचा भरवसा नव्हता. दोन स्थळांनी जमीन बघितली, घर बघितलं, आणि मुलगा काय करतो हे ऐकून चहा अर्धा ठेवला. खेळाडूंच्या जागेतून कारकुनाची नोकरी निघणार होती. हातात प्रमाणपत्र असलं तर योगेशला ती मिळण्यासारखी होती. घरात हे कोणी मोठ्याने बोलत नसे, पण २०१९च्या जानेवारीत आडगाव अंतिम सामन्यात पोचलं तेव्हा कुसाबाईने सोमवार धरला होता.

समोर सिन्नर होतं. मुलगा खेळतोय आणि बाप पंच, म्हणून शेखर सरांनी बाहेरचा पंच आणायचं ठरवलं. विरोध सिन्नरवाल्यांनीच केला. कुंदन म्हणाला, "आप्पा नसतील तर आम्ही येत नाय. आप्पा विचारतात तरी. बाहेरचा आला तर तो कशाला विचारतोय?"

सामना विंचूरला ठेवला. अंतिम सामन्याचा मान म्हणून विंचूरकरांनी सकाळी टँकर आणून मैदानावर पाणी मारलं. जमीन ओलसर, घट्ट झाली. त्या दिवशी धूळ नव्हती.

शेवटचा डाव. दोन्ही संघ बरोबरीत. आडगावचे दोन गडी गेलेले, तिसरा गेला की डाव संपणार. योगेश दुसऱ्या बेसवर. फलंदाजाने चेंडू लांब मारला. योगेश तिसरा बेस ओलांडून शेवटच्या चौकोनाकडे निघाला; तो गाठला की धाव, आणि धाव झाली की सामना आडगावचा. सीमेवरून चेंडू आला, कुंदनने धरला, वाकला, आणि घसरत येणाऱ्या योगेशच्या खांद्याला चेंडूचा हात लावला. योगेशचा पाय तेव्हा चौकोनापासून वीतभर अलीकडे होता. आप्पा दोन पावलांवर उभे होते. वीतभर म्हणजे वीतभर. मेथीची जुडी सुद्धा आडवी मावली असती.

आऊट म्हटलं असतं तर सामना पुढे चालला असता, आणखी एक डाव, आणखी एक संधी. मूठ वर करायची होती. आप्पांचा हात उठला तो टोपीकडे गेला.

त्यांनी टोपी काढली आणि वाकले.

"योगेश. सांग."

योगेशने बाकाकडे बघितलं नाही. त्याने बापाच्या चेहऱ्याकडे बघितलं, बराच वेळ. मग म्हणाला, "सेफ."

आप्पांनी दोन्ही हात आडवे पसरले: सेफ. रीतच तशी होती. आडगावची माणसं आत धावली, बँड वाजला. सिन्नरवाले भांडले नाहीत. कुंदनने चेंडू चौकोनावर ठेवला, हातमोजा काढला आणि एवढंच म्हणाला, "तुम्हाला दिसलं नाय व्हय, आप्पा?" उत्तराची वाट न बघता तो गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे बापलेक कोथिंबीर बांधत बसले होते.

"तुला हात लागला व्हता," आप्पा म्हणाले.

"हो."

"मंग खोटं का बोलला?"

योगेशच्या हातातली जुडी तशीच राहिली. "तुम्ही का विचारलं? तुम्हाला दिसलं होतं. आऊट दिला असता तर मी गुपचूप उठून गेलो असतो, आईशप्पथ. तुम्ही टोपी काढली, मला वाटलं, तुम्हीच सांगताय, सेफ म्हण म्हणून."

आप्पांनी पुढची जुडी ओढली. आपण का विचारलं हे त्यांनी रात्रभर स्वतःला विचारून बघितलं होतं. पोराने स्वतःच्या तोंडाने आऊट म्हणावं आणि सगळ्यांनी ते ऐकावं, म्हणून? का पोर म्हणतं तेच व्हावं, म्हणून? पहिलं उत्तर बरं वाटत होतं. खात्री मात्र होत नव्हती.

चार दिवसांनी शेखर सर निकालपत्र घेऊन आले. त्यावर पंचांची सही राहिली होती.

"सर, यात काही बदलता येतं का?"

सर चपापले. मग आवाज उतरवून म्हणाले, "आप्पा, तेरा पोरं आणखी आहेत संघात. आणि निकाल तुमच्या पद्धतीनेच लागलाय. तुम्हीच पद्धत मोडायची का?"

आप्पांनी सही केली.

योगेशची निवड त्या वर्षीच्या दिवाळीनंतर झाली. डिसेंबरात तो सिन्नरच्या एका कार्यालयात रुजू झाला. प्रमाणपत्राची पडताळणी व्हायची होती, पण ती काय, होतच असते, असं सगळे म्हणाले. स्थळं पुन्हा येऊ लागली आणि आता चहा पूर्ण प्यायला लागली.

लीगही सुरू झाली होती, पण तिच्यातून काहीतरी गेलं होतं. आप्पा पंच राहिले. त्यांना काढायचं कोणाच्या तोंडून निघेना. पहिल्या सामन्यात त्यांनी टोपी काढून द्वारकेच्या पोराला विचारलं, तर तो नजर चुकवून म्हणाला, "मला नका विचारू, आप्पा. तुम्हीच द्या ना." दुसऱ्या सामन्यात पुंजा, आता दोन लेकरांचा बाप, म्हणाला, "दिसलं नाय." स्वतःच्याच खांद्याला काय लागलं ते त्याला दिसलं नव्हतं. कोणी स्टँडवर मोबाइल लावला. मग मोबाइल कोणाचा आणि कोणत्या बाजूला यावरून मारामारी झाली. नऊपैकी तीन संघ यायचे थांबले. बाया डबे घेऊन यायच्या त्याही थांबल्या. घरी बसून भांडण ऐकायचं तर घरचं काय कमी होतं?

जानेवारीत सिन्नरला आडगावशी सामना लागला. योगेश आता खेळत नव्हता, पण कार्यालयातल्या दोघांना घेऊन बघायला आला होता. बंद कारखान्याचं आवार, पाण्याचा थेंब नाही. मधल्या डावात कुंदन तिसऱ्या बेसवर घसरला आणि धूळ उठली. जुन्या दिवसांसारखी, सगळं गिळणारी. आप्पांना खरोखर काही दिसलं नाही.

त्यांनी टोपी काढली. बघणाऱ्यांतलं कोणीतरी हसलं.

"कुंदन, सांग बाबा."

कुंदन उठून बसला. कोपर सोलवटलं होतं. "काय सांगू, आप्पा? खरं बोललो तर येडा ठरतो. खोटं बोललो तर..." त्याने योगेश उभा होता तिकडे बघितलं नाही, आणि त्यामुळे बाकी सगळ्यांनी बघितलं. "तुम्हीच काय ते द्या. आम्ही घेतो."

आप्पा टोपी हातात घेऊन उभे राहिले. समोर शेखर सर होते, व्याही होते, योगेश होता, योगेशच्या कार्यालयातले दोघे होते. आप्पांचा आवाज लहान; पण त्या दिवशी माइक तिथेच, बँडवाल्याच्या भावाच्या हातात चालू होता.

"मला आता दिसलं नाय," आप्पा म्हणाले. "धूळ व्हती. गेल्या साली धूळ नव्हती. तवा मला दिसलं व्हतं. योगेश आऊट व्हता. वीतभर. मी विचारायला नको व्हतं, आन् विचारलं. त्याची चूक मागनं झाली. आधी माझी झाली."

शेखर सरांनी डोळे मिटून घेतले. योगेश वळला आणि फाटकाकडे चालू लागला. त्याच्याबरोबरचे दोघे थोडे घुटमळून मागे गेले.

कुंदन अजून खालीच बसला होता. मग तो उठला, पँट झटकली.

"हात लागला व्हता, आप्पा," तो म्हणाला. "आऊट."

सामना पूर्ण झाला. सिन्नर एका धावेने हरलं. त्यानंतरच्या रविवारी मैदानावर कोणी आलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. बंद करायचं असं कोणी ठरवलं नाही, ठराव नाही, बैठक नाही. ज्या लीगचा पंचच सांगतो की अंतिम सामना चुकीचा लागला, तिचं प्रमाणपत्र पुढे कोण चालवून घेणार, असा विचार बहुतेकांनी केला असावा. आणि प्रमाणपत्र मिळणार नसेल तर बेसबॉल कशाला खेळायचं, हे तोवर सगळ्यांनाच वाटायला लागलं होतं.

आप्पांच्या बोलण्याने सरकारदरबारी काही झालं नाही. पडताळणीसाठी कार्यालयाने पत्र पाठवलं: निकालपत्रावरची सही खरी आहे का? शेखर सरांनी कळवलं: खरी आहे. ती खरीच होती. माइकवर बोललेलं जोडपत्र म्हणून लावायची सोय अर्जात नव्हती. योगेशची नोकरी कायम झाली.

पण सिन्नरच्या सामन्याच्या त्या रविवारी संध्याकाळी हे कोणालाच ठाऊक नव्हतं. योगेश अंधार पडताना घरी आला. नोकरी गेलीच असं धरून आला होता. कुसाबाई चुलीपाशी रडत होती, आप्पा ओट्यावर बसले होते.

"बोलायचंच होतं तर घरात बोलायचं," योगेश म्हणाला. "माझ्या साहेबांकडे चला म्हणाला असता तर मी आलो असतो. कुंदनच्या पाया पडलो असतो. सगळ्या गावांसमोर कशाला?"

"तिथंच केलं व्हतं ना आपण," आप्पा म्हणाले. "त्यांच्याच म्होरं."

योगेश उभाच राहिला. आत जावं की परत सिन्नरची गाडी धरावी, हे त्याचं त्यालाच ठरत नसावं. शेवटी तो ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसला, बुटांचे बंद सोडायला लागला. आप्पांनी त्याला आणखी काही विचारलं नाही.